गोव्याच्या दमट हवेसाठी हलका तंबू घरच्या घरी कसा सुधारायचा

दीड-दोन किलो वजनाचे, दोन माणसांचे जे हलके तंबू दुकानांत मिळतात त्यांतले बरेच थंड आणि कोरड्या डोंगरांचा विचार करून शिवलेले असतात. बाहेरचं कापड जमिनीला टेकलेलं, आतल्या तंबूच्या भिंती बंद कापडाच्या, हवा खेळायला एखादी तळहाताएवढी फट. गार वारं अडवायला हे चांगलं. आपल्याकडे मात्र असा तंबू पहाटेपर्यंत आतून ओलाचिंब होतो आणि माणसाला वाटतं की तो गळतोय. मग शिवणींवर गळती बुजवणाऱ्या सीलरच्या नळ्याच्या नळ्या रिकाम्या होतात आणि पुढच्या वेळी अंथरूण पुन्हा ओलंच.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी हवा, मग शिवणी, मग जमिनीवरची पकड (आठवी पायरी) आणि कापाकापी (पाचवी, सहावी) अगदी शेवटी. जे बदल परत काढता येतात ते आधी करून पाहा. तेवढ्यावर भागलं तर कात्री लावायचीच नाही. आणि एक व्यवहाराची गोष्ट: कापड कापलं किंवा शिवलं की कंपनीची हमी सहसा संपते. तंबू नवा असेल तर बिल आणि हमीपत्र एकदा वाचून घ्या.

काय काय लागेल

- २ मिलिमीटर जाडीची विणलेली पॉलिस्टर दोरी, १५ मीटर
- ३ मिलिमीटर इलॅस्टिक दोरी, ३ मीटर. पोलचं इलॅस्टिक बदलायचं असेल तर त्याच्या लांबीप्रमाणे वेगळी
- १५ ते २० मिलिमीटर रुंद नायलॉन पट्टी, १ मीटर
- बारीक जाळी, १ मीटर
- पॉलिस्टर दोरा आणि ११ नंबरची नवी सुई
- शिवणी बंद करायला सिलिकॉन किंवा पीयू सीलर (कोणता ते दुसऱ्या पायरीत)
- टर्पेंटाइन, टाकाऊ ब्रश, टाल्कम पावडर
- सोल्डरिंग आयर्न, कागदाचे काळे क्लिप, टेप, शिंप्याचा खडू
- सरावासाठी मोडक्या छत्रीचं कापड

दोरीसाठी ट्रेकिंगच्या दुकानात जायलाच हवं असं नाही. मालीम, शापोरा, कुटबण अशा जेटींच्या आसपास मासेमारीचं सामान मिळतं, तिथे विणलेली बारीक दोरी विचारा. निळी-हिरवी प्लॅस्टिकची दोरी घेऊ नका, तिची गाठ सुटते. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते, म्हणून पॉलिस्टर. पट्टी, दोरा, चेनचे रनर शिंप्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळतात. सीलर आणि टर्पेंटाइन हार्डवेअरच्या दुकानात.

१. पाणी बाहेरून येतंय की आतून, ते आधी ठरवा

अंगणात किंवा गच्चीवर तंबू नीट ताणून उभा करा. आत तळभर वर्तमानपत्राची पानं पसरा. मग पाइपचं तोंड आकाशाकडे धरून पंधरा मिनिटं पाणी वरून पडू द्या. थेट झोत मारू नका. झोताच्या दाबाने चांगल्या शिवणीतूनही पाणी आत घुसतं आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसता. आत जाऊन पानांवरचे डाग बघा, कागदावर तंबूचा आराखडा काढून त्यावर खुणा करा. ओल्या कापडावर खडू उमटत नाही.

दुसरी चाचणी कोरड्या रात्री करायची. दंव पडायला लागलं की दोघांनी त्यात अंगणात झोपायचं आणि उजाडायच्या आत हात फिरवून पाहायचं. बाहेरच्या कापडाची आतली बाजू सगळीकडे सारखी ओली असेल तर ती तुमच्याच श्वासाची आणि घामाची वाफ आहे. तिच्यावर सीलर हा उपाय नाही, हवा हाच उपाय. पाण्याच्या चाचणीत शिवणीच्या रेषेवर थेंब दिसले तर ती गळती. पाठीखालीच ओल लागत असेल तर तळ तपासा: तळाखाली ओला पंचा ठेवून वरून गुडघ्याने दाबा. ओल वर आली तर तळाचा लेप गेलाय.

२. कापड ओळखा

इथे चूक झाली की पुढचं सगळं काम वाया. हलक्या तंबूच्या कापडावर एकतर सिलिकॉनचा लेप असतो किंवा पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा. बऱ्याच तंबूंना बाहेरून सिलिकॉन आणि आतून पीयू असतो. सिलिकॉनला सिलिकॉनशिवाय दुसरं काही धरत नाही. पीयूचा सीलर त्यावर लावला तर वाळल्यावर साल निघावी तसा सुटून येतो.

ओळख सोपी आहे. कापडाच्या दोन्ही बाजूंना सेलोटेप चिकटवून ओढा. जिथे ती धड चिकटतच नाही ती सिलिकॉनची बाजू. शिवणीवर कारखान्यातून चिकटवलेली पारदर्शक पट्टी दिसत असेल तर ती बाजू पीयूची.

जुना तंबू असेल तर नाकाने आणि बोटांनीही तपासा. पीयूचा लेप उष्णता आणि दमटपणाने हळूहळू विघटित होतो. कापड चिकट लागतं, आंबूस उग्र वास येतो, कपचे निघतात. एकदा सुरू झालं की ते थांबत नाही. फ्लाय, म्हणजे बाहेरचं कापड, सगळीकडे असं झालं असेल तर त्यावर पैसे घालू नका. त्याचे पोल, चेन आणि जाळी काढून ठेवा आणि कापड शिवणकामाच्या सरावाला वापरा.

लेबलवर नायलॉन की पॉलिस्टर तेही बघा. नायलॉन पाणी शोषून सैल पडतं, त्यामुळे संध्याकाळी ताठ बसवलेला तंबू मध्यरात्री झोळी होऊन आतल्या कापडाला टेकतो. पॉलिस्टरला हा त्रास जवळपास नाही.

३. सुई न लावता होणारे बदल

हे तीन बदल एका संध्याकाळी होतात, आणि पुष्कळ तंबूंना एवढंच पुरतं.

पहिला: फ्लायच्या खालच्या कोपऱ्यांना जे आखूड फासे असतात त्यांत प्रत्येकी ६० सेंटिमीटर दोरी अडकवा आणि खुंटीला सरकत्या गाठीने बांधा. गाठ अशी: दोरी खुंटीभोवतून मागे आणा, मूळ दोरीवर फाशाच्या आतल्या बाजूने दोन वेढे घ्या, मग फाशाच्या बाहेर एक वेढा घेऊन टोक त्याखालून ओढा. ताण असेपर्यंत ती जागची हलत नाही, हाताने सरकवली की सरकते. आता फ्लाय जमिनीपासून १० सेंटिमीटर उचलता येतं आणि खालून हवा शिरते.

किती उचलायचं याला एक हद्द आहे. आतल्या तंबूच्या तळाची जी वर वळवलेली कडा असते, तिच्या वरच्या रेषेपेक्षा फ्लायची खालची कडा नेहमी खाली राहिली पाहिजे. नाहीतर पावसाचे थेंब लाल मातीवर आपटून उडतात आणि जाळीतून थेट अंथरुणावर येतात. जोराची सर आली की दोरी आवळून फ्लाय खाली घ्या. गाठ सरकती ठेवण्याचं कारणच ते.

दुसरा: नायलॉनचा तंबू असेल तर ताणाच्या प्रत्येक दोरीत बोटभर इलॅस्टिकचा फास घाला. कापड सैल पडलं की इलॅस्टिक तो ढिलेपणा ओढून घेतं आणि मध्यरात्री उठून दोऱ्या आवळाव्या लागत नाहीत.

तिसरा: फ्लाय जिथे आतल्या तंबूला टेकतं तिथे मध्यावर एक जास्तीचा ताण. कापडाच्या आतून लिंबाएवढा गुळगुळीत गोटा लावा, बाहेरून कापडासकट त्याला दोरीचा फास आवळा आणि दोरी तिरकी बाहेर खेचून बांधा. भोक नाही, शिवण नाही. कायमचा ताण कुठे शिवायचा तेही यावरूनच कळतं. दोन-तीन जागा बदलून पाहा.

४. शिवणी बंद करणं

उन्हाळ्यात किंवा पावसाने उघडीप दिलेल्या दिवशी हे काम घ्या. कापड पूर्ण कोरडं हवं. हवेतला दमटपणा मात्र चालतो, कारण सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं.

सिलिकॉनच्या कापडासाठी हार्डवेअरमधलं १०० टक्के सिलिकॉनचं पारदर्शक सीलर घ्या. ट्यूबवर ॲक्रिलिक लिहिलेलं असेल तर ते नको. काचेच्या बाटलीत एक भाग सीलर आणि एक भाग टर्पेंटाइन घालून गुठळ्या जाईपर्यंत ढवळा. ब्रशवरून सावकाश ओघळेल इतपत पातळ झालं पाहिजे. शिवणीच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर जाईल असा पातळ थर द्या, टाक्यांत ब्रश घासून मुरवा. जाड थर देण्याचा मोह टाळा. तो उशिरा वाळतो, घडीला चिकटतो आणि वजन वाढवतो. टर्पेंटाइन पेट घेतं, तेव्हा उघड्यावर बसा, स्वयंपाकघरात नको. चोवीस तास तसंच ताणून ठेवा, मग टाल्कम पावडर हलकी चोळा म्हणजे घडी चिकटणार नाही.

पीयूच्या बाजूला पीयूचाच सीलर. कारखान्याची पट्टी उचकटली असेल तर सुटलेला भाग ओढून काढा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि मग लावा. अर्धवट सुटलेल्या पट्टीवरच सीलर फासणं ही नेहमीची चूक. पाणी पट्टीखालून पुढे सरकतं आणि भलत्याच जागी टपकतं.

सगळं वाळलं की वर्तमानपत्राची चाचणी पुन्हा घ्या आणि जिथे डाग पडला तेवढीच जागा दुसऱ्यांदा करा.

५. आतल्या तंबूला जाळीची खिडकी

कापाकापी करायचीच असेल तर पहिला हात इथे चालवा. आतला तंबू पाणी अडवत नाही, त्यामुळे शिवण वाकडी गेली तरी नुकसान नाही.

डोक्याच्या आणि पायाच्या बाजूला, जेवढं वर जमेल तेवढं वर, ४० बाय ३० सेंटिमीटरची एकेक खिडकी पुरते. गरम दमट हवा वर जमते, ती तिथून निघते आणि फ्लायखालून बाहेरची हवा आत येते. खिडकीचे कोपरे पेला ठेवून गोल आखा. टोकदार कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि कापड तिथूनच फाटायला लागतं.

आता मुख्य युक्ती: आधी शिवा, मग कापा. जाळी ४३ बाय ३३ अशी कापून न कापलेल्या कापडावर आतल्या बाजूने क्लिप लावून बसवा. टाचण्या नकोत, त्यांची भोकं राहतात. आखलेल्या रेषेच्या किंचित बाहेरून एक शिवण घाला, तिच्या बाहेर ६ मिलिमीटरवर दुसरी. मग तंबू उलटा करून, जाळी हाताने दूर धरून, रेषेवरून फक्त कापड कापा. सोल्डरिंग आयर्नचं टोक हलकेच फिरवलं तर कडा वितळून बंद होते आणि सुतं निघत नाहीत. खाली फरशीचा तुकडा धरा, नाहीतर जाळीही वितळेल. आधी कापून मग जाळी लावायला गेलात तर भोक ताणलं जातं आणि जाळीला चुण्या पडतात.

घरच्या पायमशीनवर हे नीट जमतं. टाका ३ मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाके मजबूत वाटतात, पण पातळ कापडाला पोस्टाच्या तिकिटांसारखी भोकांची रांग पडते आणि ताण आला की तिथूनच ते फाटतं. कापड घसरत असेल किंवा पायाला चिकटत असेल तर खाली-वर पतंगाचा कागद घालून शिवा आणि नंतर तो फाडून काढा. सुती दोरा वापरू नका, आपल्या हवेत तो कुजतो.

जाळी घेताना नेहमीच्या मच्छरदाणीवर समाधान मानू नका. किनाऱ्यावर आणि खाजणांजवळ चावणारी बारीक चिलटं तिच्यातून आरामात येतात. भोकं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवीत. चेन जिथे संपते तिथे उरलेली फटही बघा; जळवा आणि हुमले (चावऱ्या तांबड्या मुंग्या) आत येतात ते तिथूनच. जाळीच्या तुकड्याचा छोटा पदर शिवून ती झाका.

६. फ्लायला वरची झडप: गरज असेल तरच

तिसऱ्या आणि पाचव्या पायरीनंतरही पहाटे फ्लाय आतून निथळत असेल तर हे करा. नाहीतर सोडून द्या. अखंड कापडाला भोक पाडण्याआधी मोडक्या छत्रीच्या कापडावर हीच झडप एकदा पूर्ण शिवून पाहा.

जागा: मधल्या माथ्यापासून वीतभर खाली, डोक्याच्या किंवा पायाच्या बाजूला, शिवणीवर नाही. भोक अर्धचंद्राचं, २० सेंटिमीटर रुंद आणि १२ उंच. भोवती २ सेंटिमीटर रुंदीची कापडाची कडी आधी शिवून घ्या, मग आतलं कापड कापा. वरून ३० बाय २० चा पदर असा लावा की तो तिन्ही बाजूंना भोकापेक्षा किमान ५ सेंटिमीटर पुढे येईल. पदर फक्त वरून आणि बाजूंना अर्ध्यापर्यंत शिवायचा, खालची बाजू मोकळी. मोकळ्या कडेत प्लॅस्टिकच्या फायलीची बोटभर पट्टी दुमडून शिवली की पदर छज्जासारखा उभा राहतो आणि कापडाला चिकटत नाही. सिलिकॉनच्या फ्लायला पदरही सिलिकॉनच्याच कापडाचा, म्हणजे शिवणी एकाच सीलरने बंद होतील. इथला प्रत्येक टाका चौथ्या पायरीप्रमाणे बंद करायचा आहे.

तंबू उभारताना झडप वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवा. आपल्याकडचा मोसमी वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, पण डोंगरात दरीप्रमाणे तो वळतो. उभारण्याआधी एकदा हात वर करून दिशा घ्या.

गोट्याने शोधलेला मधला ताण कायमचा करायचा असेल तर ७ सेंटिमीटर व्यासाच्या कापडी चकतीवर नायलॉन पट्टीचा फास शिवा आणि चकती फ्लायला सीलरने चिकटवा. फ्लायला सुई लावायची नाही. चोवीस तास वजनाखाली दाबून ठेवा.

७. तळाखालची चटई

ताडपत्री जड होते. २०० गेजचं पॉलिथिन, म्हणजे ५० मायक्रॉनचं, हार्डवेअरमध्ये मीटरवर मिळतं, २.१ बाय १.३ मीटरचा तुकडा साधारण १२५ ग्रॅम भरतो. तो तळापेक्षा चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर लहान कापा. मोठा राहिला तर फ्लायवरून ओघळलेलं पाणी त्यावर साचून थेट पाठीखाली येतं. तंबू गळतो अशा पुष्कळ तक्रारींचं मूळ ही बाहेर डोकावणारी चटई असते.

८. सडा आणि वाळू

सत्तरी तालुक्यातल्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळाच्या माथ्यांवर, बोटभर मातीखाली जांभा लागतो. ॲल्युमिनियमची खुंटी तिथे वाकते. म्हणून ताणाच्या दोऱ्यांची लांबी दीड-दोन मीटर ठेवा. दोरीच्या टोकाच्या फासात आडवी काठी घाला, काठीपुढे, म्हणजे तंबूच्या बाजूला, मोठा चिरा ठेवा. काठी चिऱ्याला मागून अडते आणि सुटत नाही. चिऱ्याच्या धारेवर दोरी घासत असेल तर मध्ये चिंधी घाला.

वाळूत साधी खुंटी धरत नाही. २५ बाय २५ सेंटिमीटरच्या कापडी पिशव्या शिवा, वाळूने भरा, दोरी बांधून वीत-दीड वीत खोल पुरा. सहा पिशव्यांचं रिकामं वजन नगण्य असतं. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालायला येतात. त्या वाळूत खणू नका आणि रात्री उजेड करू नका. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत. तिथे तंबू ठोकायचा विचार असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या.

९. पोल, चेन आणि ठेवण

पोलमधलं इलॅस्टिक सैल झालं की भाग एकमेकांत नीट बसत नाहीत आणि वाऱ्यात टोक फुटतं. भागांवर क्रमांक टाका, टोकाची टोपी काढून जुनं इलॅस्टिक बाहेर ओढा. नवं इलॅस्टिक जुन्याच जाडीचं घ्या आणि जोडलेल्या पोलच्या लांबीपेक्षा साधारण पाव भाग कमी कापा. त्याहून आखूड ठेवलं तर घडी करताना पोल उलगडत राहतात.

चेन दात धरत नसेल तर बहुतेक वेळा दोष रनरचा असतो. त्याच्या पाठीवर कोरलेला नंबर बघून तोच आणा. टोकाची दोन टाके शिवण उसवून जुना काढा, नवा घाला, टोक पुन्हा शिवा. पूर्ण चेन बदलायची घाई करू नका.

किनाऱ्यावरून आलात की पोल, चेन आणि खुंट्या गोड्या पाण्याने धुवा. मीठ ॲल्युमिनियम आणि रनर दोन्ही खातं. कापडाला साधा सौम्य साबण, धुण्याचं यंत्र नाही. वाळवायचं सावलीत, कारण ऊन कापडाची ताकद मारतं. कारखान्याच्या घट्ट पिशवीत तंबू कोंबून पावसाळाभर कपाटात टाकू नका. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा पंख्याखाली दोन तास पसरा. बुरशीचे ठिपके दिसले तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्म करून मऊ फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका.